आईची जुई नव्या घरी न्यायची असेल, तर आधी ती छाटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या बंगल्याच्या पोर्चपाशी तुमच्या आईंनी १९८७ साली जुई लावली. ती आता खांबावरून गच्चीपर्यंत गेली आहे. बंगला पुनर्विकासाला जातोय आणि मे महिन्याच्या शेवटी तुम्हाला घर रिकामं करायचं आहे. आई आता नाहीत, म्हणून त्यांची हीच वेल नव्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत न्यायची आहे. दोन वर्षांत फुलं जवळजवळ बंद झाली आहेत. काड्या पाण्याच्या बाटलीत ठेवून पाहिल्या, त्या कुजल्या. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "छाटायला हात धजत नाही."

उत्तराची सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण बाकी सगळ्या अडचणी तिथूनच निघाल्या आहेत.

जुई नव्या फांदीवर फुलते. यंदा फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्याच्या टोकाशी आणि त्याच्या बगलेत कळ्यांचे घोस येतात, जुन्या लाकडावर येत नाहीत. वेल न छाटता वाढू दिली की दरवर्षी नवी फूट जुन्या फुटीच्याही पुढे जाते. पहिली पाच वर्षं फुलं खांबावर असतात, मग पोर्चच्या कडेला, मग छतावर. तुमच्या वेलीवर आज फुलं कुठे असतील? बहरात एकदा संध्याकाळी गच्चीवर चढून पाहिलं असतंत, तर बरीचशी तिथे सापडली असती. खाली उरलाय तो जाड खोडांचा गुंता. त्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे नव्या फुटीचे डोळे उघडत नाहीत आणि पानं गळत राहतात.

मदुराई, दिंडिगल, कोइंबतूरकडे जुईची शेती चालते. तमिळमध्ये तिला मुल्लै म्हणतात. तिकडचे शेतकरी जुईला वेल होऊच देत नाहीत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सगळं झुडूप जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरवर, सपाट छाटतात. पहिल्यांदा ते शेत पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. नुसती खुंटं उभी होती, एक हिरवं पान नव्हतं. तेच शेत मे महिन्यात पाहिलं तेव्हा पहाटे चारपासून बायका ओटीत कळ्या खुडत होत्या. तेव्हापासून माझ्या रोपवाटिकेतली एकही जुई मी बिनछाटलेली ठेवलेली नाही.

जुईवर जीव असणारी माणसंच तिला छाटत नाहीत, हे मी तीस वर्षं बघतोय. तुमच्या बाबतीत तर छाटणीतून दोन्ही गोष्टी मिळणार आहेत: वेलीला फुलं आणि तुम्हाला रोपं.

पुढे जाण्याआधी वेल जुईच आहे ना, हे तपासून घ्या. आपल्याकडे जाई, जुई, सायली, कुंद ही नावं सर्रास एकमेकींना दिली जातात आणि दुकानदारही तेच करतात. जुईचं पान नीट बघा. मोठं पान एकच दिसतं, पण त्याच देठावर, खालच्या अंगाला, कानांसारखी दोन चिमुकली पानं असतात. कधी ती इतकी बारीक असतात की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत. तिच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलेटम' या कानांवरूनच आलंय. जाईला एका देठावर पिसासारखी सात ते नऊ पानं असतात, फूल मोठं, पाच पाकळ्यांचं आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. कुंद थंडीत फुलतो, त्याची पानं साधी, एकेकटी. जाई हा शब्द संस्कृत 'जाती'वरून आला आणि जुई 'यूथिका'वरून. यूथ म्हणजे समूह. जुईच्या घोसाकडे पाहिलं की हे नाव किती नेमकं आहे ते कळतं. तुमची वेल जाई निघाली तरी पुढची कलमांची रीत तीच, फक्त तिची छाटणी महिनाभर आधी, डिसेंबरात व्हायला हवी होती. म्हणजे जाई असेल तर थांबू नका.

आता तुमच्या हातात डिसेंबरच्या शेवटापासून मेच्या शेवटापर्यंत पाच महिने आहेत. हा वेळ पुरेसा आहे, पण कामांचा क्रम चुकवून चालणार नाही. आधी दाब कलम (म्हणजे वेलीवरचीच फांदी मातीत दाबून तिला मुळं फुटू देणं), मग छाटणी, मग छाटलेल्या काड्यांची छाट कलमं. बहुतेक लोक आधी छाटून बसतात आणि मग दाबायला फांदीच उरत नाही.

दाब कलमावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे, कारण मुळं फुटेपर्यंत फांदी मूळ वेलीच्याच अंगावर जगत असते. संक्रांतीच्या आत हे उरका. वेलीच्या बुडापाशी गेल्या वर्षीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, जमिनीपर्यंत वाकतील अशा चार-पाच फांद्या शोधा. त्यांची साल तपकिरी व्हायला लागलेली असावी, पण वाकवताना कट्‌कन मोडू नये. शेंड्यापासून हात-दीड हात अंतरावरचं एक पेर, म्हणजे पान फुटतं ती गाठ, निवडा. पेराच्या खालच्या बाजूनं धारदार ब्लेडनं तिरका काप द्या, तो शेंड्याकडे चढत जाऊ दे, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर आणि खोली फांदीच्या अर्ध्यापर्यंत. ही जीभ परत चिकटून भरून येऊ नये म्हणून तिच्यात काडेपेटीच्या काडीचा तुकडा अडकवा.

जमिनीत दाबण्यापेक्षा आठ इंची कुंडी वेलीशेजारी जमिनीत अर्धी पुरा आणि तिच्यात दाबा. तुम्हाला रोप उचलून न्यायचंय, त्यामुळे कुंडीतच मुळं धरली तर शेवटी ती तुटत नाहीत. कुंडीत निम्मी पोयट्याची माती, निम्मं जुनं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी वाळू. कापलेलं पेर तीन-चार इंच खोल जाईल असं दाबून तारेचा आकडा खुपसा, माती लोटा आणि वर अर्धी वीट ठेवा. विटेखाली ओल टिकते आणि फांदी उसळून वर येत नाही. शेंडा मात्र बाहेर, काठीला उभा बांधलेला. नाशिकची हवा मार्चपासून कोरडी होते, तेव्हा ही कुंडी एक दिवसही सुकू देऊ नका. बाकी वेलीचं पाणी चुकलं तर चालेल, हिचं नाही.

मुळं धरायला तीन ते चार महिने लागतात. एप्रिलच्या मध्याला मूळ वेलीकडच्या बाजूनं फांदी अर्धी कापा. पंधरा दिवस थांबा. शेंडा कोमेजला नाही तर पूर्ण तोडा. एका झटक्यात तोडलेली कलमं उन्हाळ्यात मरतात, कारण त्यांना स्वतः पाणी ओढायची सवय झालेली नसते.

फांद्या दाबून झाल्या की छाटणीकडे वळा. जानेवारीच्या मध्यापासून बुडाचं पाणी दहा-बारा दिवस तोडा. शेवटच्या आठवड्यात सिकेटर (छाटणीची कात्री) आणि जाड खोडांसाठी छोटी करवत घ्या, दोन्ही स्पिरिटनं पुसून. तमिळनाडूसारखं दीड फुटावर मी तुम्हाला सांगणार नाही. तिकडची झुडपं दरवर्षी छाटलेली असतात, तुमची वेल सदतीस-अडतीस वर्षांत एकदाही नाही. तुमच्यासाठी कमरेएवढी उंची ठीक. सुकलेली, पोकळ, एकमेकींवर घासणारी खोडं बुडातून काढा आणि चार-पाच दमदार खोडं राखा. एक पानांची फांदी मुद्दाम न छाटता ठेवा. बाकीची खोडं फुटली की मार्चमध्ये तिलाही कमी करा. एवढ्या जुन्या वेलीला एकदम उघडी-बोडकी केली तर कधीकधी मुळं थकतात, आणि ही फांदी तोवर तिला अन्न पुरवते. दाबलेल्या फांद्यांना अर्थातच हात लावायचा नाही.

छाटल्यावर खोडाभोवती हातभर अंतरावर रिंगण खणून आठ-दहा किलो जुनं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घाला, मग भरपूर पाणी. युरिया नको. लोक म्हणतात पानं पिवळी आहेत, युरिया टाकला. पानं हिरवीगार होतात, वेल मांडवभर पळते आणि कळी धरत नाही. पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसलं, तर ती नत्राची नाही, लोहाची कमतरता असते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

तीन आठवड्यांत खोडावर लाल-हिरवे डोळे दिसू लागतील. ते पाहिल्याशिवाय तुमची झोप नीट होणार नाही, हे मला माहीत आहे. नख लावून साल थोडी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर निश्चिंत राहा.

छाटलेल्या काड्या टाकू नका, पण सगळ्याही लावू नका. अगदी कोवळा शेंडा कुजतो, अंगठ्याएवढं लाकूड मुळं धरायला फार वेळ लावतं. मधला, पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक भाग घ्या. चार पेरांचा तुकडा, साधारण पंधरा सेंटिमीटर. खालचा काप पेराच्या लगेच खाली, सरळ. वरचा काप तिरका, म्हणजे लावताना उलटं-सुलटं होत नाही. हे किरकोळ वाटतं, पण ढिगातून शंभर काड्या लावताना दहा तरी उलट्या जातात आणि उलटी काडी सहसा लागत नाही. खालची पानं काढा, वरची एक जोडी अर्धी कापून ठेवा. दोन पेरं मातीत, दोन वर.

बाटलीतल्या काड्या कुजल्या त्याचं कारण असं: मुळं फुटायच्या जागी पाण्याइतकीच हवाही लागते. साठलेल्या पाण्यात ती लवकर संपते आणि मग बुरशी काम सुरू करते. जुई पाण्यात क्वचित मुळं सोडते, पण ती मुळं काचेसारखी ठिसूळ असतात आणि मातीत गेली की बहुतेक मरतात. त्याऐवजी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी जाड वाळू घ्या. नदीची वाळू सहज मिळत नाही, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) चालते. पण ती चार पाण्यांनी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. तिच्यातली दगडाची पूड सिमेंटसारखी बसते आणि मुळांचा श्वास कोंडते. रोपवाटिकेत मिळणारी मुळं फुटायची पावडर, म्हणजे आयबीए हे मुळं फोडणारं संप्रेरक असलेली, काडीच्या बुडाला चिमूटभर लावा. मध, दालचिनी, कोरफडीचा गर यांबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी तिन्ही लावून पाहिलं आहे आणि न लावलेल्या काड्यांपेक्षा फरक दिसला नाही. ओल, सावली आणि ऊब सांभाळली तर काडी लागते.

ऊब इथे महत्त्वाची, कारण नाशिकची जानेवारीतली रात्र जुईला आवडत नाही. पावसाळ्यात चार-सहा आठवड्यांत मुळं धरणारी काडी थंडीत आठ-दहा आठवडे घेते. म्हणून काड्या पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावा, तळाला भोकं पाडून. तीन-तीन काड्या एका ग्लासात. सगळे ग्लास एका खोक्यात ठेवून वर पारदर्शक पिशवीचा तंबू करा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा, जिथे उजेड आहे पण थेट ऊन नाही. काडी उपटून बघायचा मोह होईल, बघू नका. नवं पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असंही समजू नका. काडी स्वतःत साठलेल्या अन्नावर एक-दोन पानं काढते आणि मग मान टाकते. ग्लासाच्या भिंतीशी पांढरी मुळं दिसली की खरं. पारदर्शक ग्लास मी त्यासाठीच सांगितला.

मुळं दिसल्यावरचा आठवडा सगळ्यात नाजूक. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा चाळीस लागलेल्या काड्यांवरची पिशवी एका सकाळी एकदम काढली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या माना टाकून पडल्या होत्या. पिशवीला पहिल्या दिवशी एक भोक, दोन दिवसांनी चार, मग संध्याकाळपुरती उघडी, असं आठ-दहा दिवसांत बाहेरच्या हवेची सवय लावा.

किती काड्या लावाव्यात? थंडीत घरगुती जागी निम्म्या लागल्या तरी मी समाधानी असतो. तुम्हाला सहा रोपं हवी असतील तर वीस काड्या लावा.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. वेलीवर कुठे फुलांच्या जागी हिरवी, पानांसारखी चुरगळलेली गुच्छं आली आहेत का? तो पर्णगुच्छाचा रोग आहे. तो किडींमार्फत पसरतो आणि काडीबरोबर नव्या रोपातही जातो. अशा वेलीची कलमं घेऊन उपयोग नाही. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेला को-२ मुल्लै हा वाण या रोगापुढे टिकतो म्हणूनच शेतकरी तो लावतात. दुसरं म्हणजे पानांवर आणि कोवळ्या देठांवर मखमलीसारखी पांढुरकी लव आणि गाठी. ती सूक्ष्म कोळ्यांची कामगिरी. जुईला हा त्रास फार. त्या फांद्या काढून जाळा, नवी फूट आल्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारा, पण सकाळी लवकर. एप्रिलच्या उन्हात गंधकानं पानं करपतात. कोळ्यांवर इलाज आहे, त्यासाठी आईंची वेल सोडायची गरज नाही. पर्णगुच्छ असेल तर निरोगी दिसणाऱ्या फांद्यांवरूनही काडी घेऊ नका, मला आधी फोटो पाठवा.

मूळ वेलच उचलून नेता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. येईल, पण बाल्कनीत नाही. नव्या सोसायटीच्या आवारात कुंपणाशी जमीन मिळत असेल तरच हा खटाटोप करा. मी आजवर तीन जुन्या वेली हलवल्या, दोन जगल्या. रीत अशी: फेब्रुवारीत खोडापासून सव्वा फुटावर अर्धवर्तुळ चर खणायचा, आडवी आलेली मुळं स्वच्छ कापायची आणि चर शेणखत-मातीनं भरायचा. मार्चच्या शेवटी उरलेलं अर्धवर्तुळ. चरात नवी बारीक मुळं भरतात आणि उचलताना तीच कामी येतात. दाबलेल्या कुंड्या आहेत ती बाजू नंतर घ्या. मेच्या रखरखाटात उचलू नका. कंत्राटदाराला विनंती करून जूनचा पहिला पंधरवडा तेवढा कोपरा मागून घ्या, दोन चांगले पाऊस झाले की पुन्हा कमरेखाली छाटून, मुळांचा गड्डा ओल्या गोणपाटात घट्ट आवळून, त्याच दिवशी नव्या खड्ड्यात. पाडकाम सुरू झाल्यावर तिथे चुना आणि सिमेंटचा राडा साचतो, तो बुडाशी जाऊ देऊ नका. ही वेल वाचलीच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. दाब कलमाचं रोप हे आईंच्याच वेलीचं अंग आहे. तोच वास, तोच बहर.

आता बाल्कनी. पश्चिमेचं ऊन जुईला सोसतं, उलट रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर ती फुलतच नाही. त्रास होतो तो तापलेल्या भिंतीचा आणि तापलेल्या कुंडीचा. कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, काळं प्लास्टिक टाळा. पहिल्या वर्षी आठ-दहा इंची कुंडी पुरे, दुसऱ्या वर्षी सोळा इंची. लहान रोपाला एकदम पिंप दिलं तर न वापरलेली ओली माती आंबते.

चढवायचं कसं, यावर फुलं ठरतात. वेल सरळ दोरीवर उभी गेली की वरचा शेंडा सगळं अन्न ओढतो आणि खालचे डोळे झोपून राहतात. तुमच्या पोर्चवर हेच झालं. रोप हातभर झालं की शेंडा खुडा. येणाऱ्या फुटी कठड्याच्या जाळीवर आडव्या बांधा. आडव्या फांदीच्या प्रत्येक पेरातून एक धुमारा उभा राहतो आणि त्या प्रत्येकावर घोस येतो. चार फूट कठड्यावर आडवी पसरलेली जुई दोन मजले चढलेल्या जुईपेक्षा जास्त फुलं देते, आणि ती हाताला येतात. बहराची एक लाट संपली की घोसाखालच्या दोन पेरांपर्यंत हलकं खुडत जा. खोल छाटणी मात्र वर्षातून एकदाच, जानेवारीच्या शेवटी.

हे सगळं वेळेत झालं तर छाटलेली जुनी वेल एप्रिलच्या मध्यापासून कळ्या धरेल, यावेळी कमरेच्या उंचीवर. चर खणला असेल तर बहर थोडा कमी येईल, पण घर सोडायच्या आधी महिनाभर तरी अंगणात जुई फुललेली असेल. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास कळ्या उमलतात, गजऱ्यासाठी खुडायच्या तर त्याआधी, घट्ट असतानाच.

आणि सगळी रोपं एकाच बाल्कनीत ठेवू नका. घर बदलण्याच्या धांदलीत चार दिवस पाणी चुकलं की कुंडीतली लहान रोपं जातात. मार्चमध्ये काड्या लागल्या की दोन रोपं मावशीकडे किंवा शेजारच्या ज्यांच्या दारात जमीन आहे त्यांच्याकडे लगेच देऊन टाका, कुंडीवर रंगानं तारीख लिहून. पुढच्या वर्षी तुमच्याकडचं रोप दगावलं, तर काडी मागायला हक्काचं दार असेल.